मोरणीचं दावं

बसा हितं बाजंवर, त्या खुर्चीवर नको — ती रविवारच्या पाव्हण्यांची हाय, दिसाया झ्याक पण एक पाय हालतोय तिचा. चहा घ्या. साखर जरा जादा पडली असंल, माझा हातच तसा हाय, आमचे मालक म्हणायचे, तुझ्या चहात चमचा उभा राहतोय. निरंजनचा सकाळीच फोन आलता — निरंजन म्हंजी माझा ल्योक, तुमाला ठावं हाय, त्यानंच बोलावलं तुमाला — म्हणला, आई, विम्याचे साहेब यायचेत, चिमणीला बघतील, त्यांना चहा दे आन् जास्त बोलत बसू नको. आता मी काय जास्त बोलणार? आन् दिवसभर हितं बोलाया असतंय कोण? सून खोलीत लॅपटॉप घेऊन, ल्योक पुनावळ्याला, कुठल्याशा सोसायटीत मिटिंग हाय म्हणं. येईल तो तुमची गाडी निघायच्या आत. गाडी म्हंजी टेम्पो — साहेब, तुमी टेम्पोतनं उतरला तवा मला जरा नवल वाटलं, पण म्हणलं गाडी बिघडली असंल, वाटंत कुणीतरी घेतलं असंल.

जावा की जवळ. मारत न्हाई ती. नाव चिमणी पण म्हस अंगापिंडानं बघा कशी, दारातनं जाताना अंग चोरून जाती. दात बघता? बघा — ए चिमणे, तोंड उघड बाय, साहेब हायेत. मागं जे विमावाले आलते ते गोठ्यात पाऊल टाकंनात, नाकाला रुमाल लावून लांबनंच कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढला आन् गेले. तुमी बरे, जनावरातले दिसता. लावा की कासंला हात, त्यात काय — चारी सड सारखे, कुठं गाठ न्हाई, सूज न्हाई. हिच्या आईची कास अशीच व्हती. हौशी म्हणून म्हस व्हती माझी पहिली, तिची ही वंशावळ, समदी माझ्या हाताखालनं गेलेली. दुसऱ्या म्हशी आल्या आन् गेल्या, ही वेल तेवढी तुटू दिली न्हाई मी.

हौशी मला बापानं दिली. मी लग्न होऊन निघोज्यात आले तवा हितं काय व्हतं? बाभळी आन् बाजरी. कंपन्या म्हंजी पिंपरीला, चिंचवडला, हिकडं कुत्रं भुकलं तर दुसऱ्या गावात ऐकू जायचं. माझं माहेर पवनमावळातलं, तितं घरोघर म्हशी. पहिलं बाळंतपण करून बापानं मला सासरी धाडली तवा हौशी संगं दिली. दाव्यासकट दिली, हे ध्यानात घ्या — गळ्यातलं दावं तसंच ठेवून. कारण लेकीला दिलेलं जनावर विकलेलं नसतंय, ते घरचंच राहतंय, नुसतं अंगण बदलतंय. विकायचं असंल तर गिऱ्हाइकानं आपलं नवं दावं आणायचं, ते बांधायचं, आन् जुनं आपण सोडून घेऊन घरात ठेवायचं. दावं गेलं म्हंजी दावणीची बरकत गेली. तुमच्या हिकडंबी हीच रीत असंल की? — हाय ना. साहेब असून ठावं हाय तुमाला, बरं वाटलं. आमच्या घरात शिकलेल्या माणसाला ह्याचं हसू येतंय.

तर हौशीचं दूध घरात पिऊन उरायचं ते आमचे मालक सायकलला किटल्या अडकवून चिंचवडपातूर न्यायचे, दत्तोबा दूधवाले म्हणून वळखायचे लोक त्यांना. मग कंपन्या हिकडं सरकल्या. जमिनी गेल्या, आमचीबी गेली, गावात पैसा आला — कुणी जीप घेतली, कुणी बंगला बांधला आन् रंग द्यायच्या आत विकला — आमचे मालक तडक जाऊन मुऱ्हा म्हशी घेऊन आले. लोक हसले. म्हणले, दत्तोबाला पैसा आला तर शेण वाढलं. पण ह्यांचं डोकं सरळ व्हतं, म्हणायचे, गिरजा, आता माणसं येणार, लातूरची येणार, बीडची येणार, कोकणातली येणार, खोली त्यांना कुणीबी देईल, दूध कोण देणार? तसंच झालं. कंपनीच्या गेटासमोर टपऱ्या पडल्या, सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्याला चहा पाहिजे, रातपाळीवरनं सुटलेल्यालाबी चहा पाहिजे, आन् समद्या टपऱ्यांवर दूध आमचं. सायकल गेली लुना आली, लुना गेली छोटा हत्ती आला. ह्या छपराला जोडून दुसरं छप्पर, मग पत्र्याचं शेड, मग गव्हाणीला सिमेंट, मग पंखे — माझ्या घरात पंखा नव्हता तवा म्हशींना पंखा व्हता, हसता काय, खरं सांगते — मग धार काढायचं मशीन. मशीन आलं तवा मी म्हणलं, बाकीच्यांना लावा, हौशीच्या वेलीला न्हाई लावायचं. आन् म्हस व्याली की चीक गल्लीभर वाटायचा, विकायचा न्हाई कधी. खोल्यांतल्या बायका, कोण कुठली कोण कुठली, माझ्या दारात भांडी घेऊन उभ्या राहायच्या, खरवस खाऊन माहेरची आठवण काढून रडायच्या. आता चिकाचंबी पाकीट निघतंय, त्याच्यावरबी माझंच तोंड हाय.

तोंडावरनं आठवलं, गेटावरचा बोर्ड बघितला का? ती मीच. ‘गिरजाईचं दूध’. बाजूला म्हस हाय ती मोरणी, ह्या चिमणीची आई. मालक गेले तवा निरंजन कंपनीत व्हता, चांगला पगार, एसी बस न्यायला यायची. तेराव्याला म्हणला, आई, तू एकटी कशी बघणार, मी सोडतो नोकरी. मला किती बरं वाटलं असंल तुमीच सांगा. बायका म्हणायच्या, गिरजाबाई, नशीब काढलं, आजकालची पोरं शेणात हात घालत्यात का? आन् पहिली दोन-तीन वर्सं त्यानं घातला हात, खोटं कशाला बोलू. पहाटं माझ्या आधी उठायचा. मग काचेच्या बाटल्या आल्या, मोबाईलवर गिऱ्हाईक आलं, पुनावळ्याच्या, वाकडच्या सोसायट्या आल्या. फोटो काढणारा पोरगा आला, म्हणला, आजी, नऊवारी नेसा. म्हणलं, बाबा, मी जलमभर गोल पातळ नेसले, धार काढताना काष्टा काय करायचाय? तर निरंजन म्हणला, आई, लोकांना आवडतंय. नेसले. मोरणीच्या गळ्यात हात टाकून हसले. हसू खोटं नव्हतं, तिच्या गळ्यात हात टाकल्यावर मला हसू येतंच.

आता रविवारी पोरं येत्यात बघायला, आईबापासंगं, मोटारी गेटापातूर लागत्यात. मी नऊवारी नेसून अंगणात ताक घुसळायचं. ते ताक कुणी पीत न्हाई, दुसऱ्या रविवारी तेच भांडं. ती पलीकडं पांढरी गाय बघा, गळ्यात घुंगरू — ती पोरांना हात लावाया आणलीय, दूध देती ते वासराला पुरंना. पोरं इचारत्यात, आजी, आमच्या बाटलीतलं दूध हिचंच का? मी म्हणते, व्हय बाळा. काय म्हणू? बाटलीतलं दूध पहाटं टँकरनं येतंय, कुठनं येतंय मला ठावं न्हाई, मागच्या शेडात भरत्यात आन् माझं तोंड चिकटवत्यात. — हे लिहू बिहू नका हां कुठं. बोलण्याच्या भरात गेलं. विम्याचा न् ह्याचा काय संबंध न्हाई, पण निरंजनला कळलं तर म्हणंल, म्हणूनच तुला बोलू नको म्हणतो. तुमी आपलं चहा घेतला आन् चिमणी बघितली, बास.

तर म्हशी गेल्या कुठं, असंच मनात आलं असंल तुमच्या, एवढ्या मोठ्या शेडात दोन जनावरं. विकल्या. हळूहळू विकल्या. पहिल्यांदा निरंजन म्हणला, ह्या म्हाताऱ्या झाल्यात. मग म्हणला, ह्या खात्यात जास्त. मग म्हणला, आई, गोठा ठेवण्यात अर्थ न्हाई, दूध इकत घेतलेलं परवडतंय, हे शेड गोदामाला मागत्यात. मी भांडले, जेवले न्हाई, बोलले न्हाई. मग मीच म्हणलं, बाबा, तुझं तू बघतोस, मी किती दिवसाची, पण हौशीची वेल राहू दे, मोरणी आन् चिमणी तेवढ्या ठेव, त्यांचं समदं मी करते. माझ्या पायावर हात ठेवून म्हणला, शपथ घेतो. — वर बघा, वाशाला. ती दिसत्यात ना, टांगलेली, ती समदी दावी हायेत. जितकी जनावरं ह्या घरातनं विकली गेली तितकी दावी तितं हायेत, मालकांच्या वक्ताची वेगळी, निरंजनच्या वक्ताची वेगळी. गिऱ्हाईक आलं की मी उभी राहून दावं सोडून घ्यायची. तेवढी रीत त्यानं पाळली, म्हंजी मी पाळायला लावली. मोरणीचं तेवढं न्हाई त्यात.

मोरणी विकली न्हाई, ती मेली. मी देहूला गेलते, भैणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालतं, आठवडाभर तिच्याजवळ राहिले. आले तर मोरणीची जागा रिकामी, खाली धुतलेलं. निरंजन दारातच उभा व्हता, म्हणला, आई, रात्री पोट फुगलं तिचं, डॉक्टर येईपातूर गेली. तुला तिकडं कळवून काय उपयोग, म्हणून न्हाई कळवलं. शेडाच्या मागं लिंब हाय त्याच्याखाली पुरली. मी म्हणलं, आन् दावं? म्हणला, तसंच राहिलं गळ्यात, घाईत व्हतो. मला ते जरा खटकलं, मेलेल्या जनावराच्या गळ्यात दावं कोण ठेवतंय, पहिलं ते सोडत्यात. पण पोराचा चेहरा उतरलेला, म्हणलं, त्यालाबी वाईट वाटलं असंल, लहानपणी तो तिच्या आजीच्या अंगावर चढून बसायचा. मी दर सोमवारी जाते लिंबाखाली, हळदकुंकू वाहते, तिच्या वाटणीचं आंबोण ठेवते, सरकी पेंड भिजवून, जशी तिला लागायची तशी. चिमण्या खात्यात. ते जाऊ द्या. मी इचारणार व्हते, तिच्याबी कानात बिल्ला व्हता तुमचा, तर तिचं मेल्याचं तुमच्याकडं कळवलं असंल की त्यानं? — न्हाई? कायच न्हाई कळवलं? बिल्ला दाखवावा लागतो म्हणत्यात. मग राहिलं असंल त्याच्याकडनं, हल्ली त्याच्या ध्यानात कुठं राहतंय काय.

काय म्हणलात? कुणाच्याबी हाताला पान्हा सोडती का? छ्या. तेच तर सांगते, ह्या वेलीचं वैशिष्ट्यच ते. दुसरं माणूस धारंला बसू द्या, कास दगडावानी होईल पण थेंब खाली सोडायची न्हाई. मशीन लावा, रेडकू लावा, काय उपयोग न्हाई. मीच पाहिजे. हिची आई तर हिच्याहून लबाड व्हती, ती तर मी आजारी पडले तवा —

थांबा जरा.

हे तुमी का इचारलं? वय इचारा, वेत इचारा, आजारपण इचारा. पान्हा कुणाच्या हाताला सोडती, ह्याच्याशी विम्याच्या माणसाला काय करायचंय? हे तोच इचारतो ज्याला धारंला बसायचंय. आन् तेबी साधं गिऱ्हाईक न्हाई इचारत, साधं गिऱ्हाईक म्हणतंय, दूध किती देती. पान्ह्याचं पहिलं तोच इचारतो ज्याच्या दावणीला एखादी पान्हा चोरणारी उभी हाय आन् जो रोज सकाळी रिकामी बादली घेऊन उठतो. मघाधरनं बघते मी, दात बघितले, सड चाचपले, फोटो एकबी न्हाई काढला. टेम्पोत कडबा सांडलाय. मला वाटलं, साहेब लोक कमी बोलत्यात. तुमाला सांगून ठेवलंय ना त्यानं, म्हातारीसमोर तोंड उघडू नका?

एकच सांगा मला, भाऊ. खाली बघू नका, माझ्याकडं बघा. तुमच्या दावणीला जी हाय, तिच्या डाव्या शिंगाला बुडापाशी चीर हाय का? शेडाचं दार लागलतं तिला, लहान वगार व्हती तवा. हाय का?

जिवंत हाय.

जिवंत हाय व्हय माझी मोरणी. खाती का? वैरण खाती ना? बास, तेवढं खाती तर बास. — न्हाई, तुमाला मी काय बोलत न्हाई, तुमी पैसे टाकून जनावर नेलं, तुमचा काय दोष. मी लिंबाखाली हळदकुंकू वाहते आन् ती तिकडं तुमच्या अंगणात उभी. एका सोमवारी निरंजन आला माझ्यामागं लिंबापातूर. मी वाकले व्हते, उठाया येईना, त्यानं हाताला धरून उठवलं मला. आन् मग हात जोडले त्यानं. डोळे मिटून हात जोडले, भाऊ, रिकाम्या मातीला. म्हशी विकल्या त्याचं मी गिळलं असतं. टँकर गिळला, नऊवारी गिळली, त्या पोरांशी खोटं बोलले तेबी गिळलं. पण तितं उभं राहून हात जोडायचं काय अडलं व्हतं त्याचं? नुसता घरात बसला असता तरी मी काय म्हणणार व्हते?

दावं आणलंय का तुमी? चिमणीसाठी? — न्हाई आणलं. दाव्यासकट देतो म्हणला. मोरणीबी तशीच दिली, रीत ठावं असून तुमी नेली, त्यानं दिली म्हणून नेली. त्याला वाटलं असंल, दावं माघारी राहिलं तर आई वळखंल, म्हस विकलीय. तेवढं बरं ध्यानात राहिलं त्याच्या.

तुमचं गाव किती लांब हाय? — न्हाई, नको, मी न्हाई येत. मी आले तर ती पान्हा सोडंल, आन् मग संध्याकाळी मी माघारी निघाले की तिचं काय? त्यापरीस तुमी ऐका. तिला मागनं जाऊन बसायचं न्हाई. आधी म्होरनं जायचं, शिंगाच्या मधी खाजवायचं, ओला हात पाठीवरनं शेपटीपातूर न्यायचा, आन् बोलत राहायचं. काय बोलायचं काय न्हाई, घरातलं बोला, कुणाशी भांडला ते बोला, तिला नुसता आवाज लागतोय. मी तिच्यापाशी बसून निरंजनच्या गोष्टी सांगायची. लगोलग न्हाई सोडायची, महिना जाईल, मारू नका तेवढं. आन् बाईमाणूस बसवा धारंला, तुमच्या घरात असंल कुणी.

चिमणी आज जात न्हाई. ल्योक मालक हाय, त्यानं ठरवलं तर मी किती दिवस धरून ठेवणार, ते मलाबी कळतंय. पण असं करा, घरी जाऊन मोरणीला तुमचं नवं दावं बांधा, माझं जुनं सोडा आन् हितं आणून माझ्या हातात द्या. ते वाशाला टांगते, मग चिमणीचं बोलू, आन् येताना तिच्यासाठीबी नवं घेऊन या. निरंजनला फोन करायचा तर करा, मी काय त्याला इचारणार न्हाई आन् सांगणारबी न्हाई. संध्याकाळी तो जेवायला बसंल तवा वाढीन मी त्याला.

उठा आता. चहा राहू द्या, गार झाला. टेम्पो मागं घेताना तेवढं जपून घ्या, गेटाला लागून बोर्ड हाय, माझा न् मोरणीचा फोटो हाय त्याच्यावर. — न्हाई, राहू द्या. लागला तरी चालंल.